बॉनेटवरचा गुलाल

फोटोत व्हॅनच्या बॉनेटवर गुलाल होता. मला आधी वाटलं, आमच्यातलं कोणीतरी ग्रामपंचायतीला निवडून आलं. मग नीट पाहिलं. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला दाजी, मधे मामा. मामाचा उजवा हात मनगटापर्यंत लाल. तिघांच्या मागे काचेचं चकचकीत दुकान आणि तिघांच्या हातात मिळून पुठ्ठ्याची एक किल्ली, घराच्या दारावर तोरण म्हणून लावता येईल एवढी मोठी. ताई हसत होती. ताई फोटोत कधी हसत नाही.

फोटो घरच्या ग्रुपवर आला तेव्हा मी श्रीगोंद्याच्या एस.टी. स्टँडवर पत्रकं वाटत होते. माझं कामच ते आहे. नगरमधल्या एका ग्राहक संघटनेसाठी मी पत्रकं लिहिते, छापून आणते आणि बाजारातून, स्टँडवरून लोकांच्या हातात कोंबते. त्या पत्रकाचा मथळा होता, ‘ग्राहक राजा, डोळे उघड’. तो आमच्या सरांचा. माझा मथळा होता, ‘फसवतात आणि वर चहा पाजतात’. सरांनी काढून टाकला. चौथा मुद्दा मात्र संपूर्ण माझा होता: ‘जुनी वस्तू घेणाराही ग्राहकच असतो. विकणाऱ्याने दोष लपवला तर तो जबाबदार आहे, मग तुम्ही कुठल्याही कागदावर सही केलेली असो.’ आणि माझ्या सख्ख्या बहिणीने त्याच दिवशी जुनी व्हॅन घेतली होती. मला न विचारता. मी फोटोखाली अंगठा पाठवला आणि पुढच्या माणसाच्या हातात पत्रक दिलं. त्याने त्यात भजी घेतली.

पणाला काय लागलं होतं, ते आधी सांगते. ताईचं सासर पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की तिथली निम्मी गावं कुलपं लावून ऊसतोडीला निघतात. ताई आणि दाजी लग्नापासून दरवर्षी गेले. त्यांची मुलगीही बरोबर जायची आणि शाळा अर्धी व्हायची. या वर्षी ती पाचवीत गेली आणि ताईने ठरवलं, बास. साखर कारखान्यात ऊस उतरवायच्या रांगेत ट्रॅक्टर पुढे-मागे करता करता ती गाडी शिकलेली होती. लायसन काढलं, बॅज काढला. व्हॅन ती स्वतः चालवणार होती. सकाळी पोरं हायस्कूलला सोडायची, मग बायकांना घेऊन नगर. कोणाला दवाखाना, कोणाला कचेरी, कोणाला नुसतं लुगड्यांचं दुकान. ऊसतोडीचा मुकादम दोनदा येऊन गेला होता, यंदा येताय का विचारायला. ताईने त्याला सांगितलं होतं, दिवाळीच्या आत कळवते. व्हॅन चालली तर घर, नाही चालली तर कोयता. एवढंच होतं.

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजीचा घाट उतरावा लागतो. आणली त्या दिवशी व्हॅन तो घाट मांजरीसारखी उतरली. गावातल्या गावातही चालली. मग ताईने पहिल्यांदा बायका भरल्या आणि नगरची वाट धरली. आता तोच घाट चढायचा होता. निम्म्यावर ताईचा मला फोन आला.

“आगं, धूर निघाला. पांढरा.”

“कुठून?”

“पुढनं. बायका म्हनत्यात, गाडीच्या अंगात आलं.”

मागून कोणीतरी ओरडलं ते मला स्पष्ट ऐकू आलं, “सूनबाई, आमी पायी गेलो आसतो तर आत्तापातूर दवाखान्यात पोचून घरी बी आलो आसतो!” मग हसण्याचा आवाज. ताई हसली नाही. बायका मागून येणाऱ्या एस.टी.त चढून गेल्या आणि ताई घाटात एकटी गाडीपाशी बसून राहिली, दाजी ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत.

पाथर्डीच्या मिस्त्रीने इंजिन उघडलं आणि सांगितलं, हेडला चीर आहे, जुनी आहे, रेडिएटरमधे औषध टाकून बुजवलेली आहे. सपाटीला आणि उताराला ते औषध टिकतं. चढाला इंजिन तापलं की सुटतं.

माझं डोकंच सणकलं. पण खरं सांगायचं तर आनंदही झाला. चौथा मुद्दा! इतका स्वच्छ, इतका पुस्तकातल्यासारखा चौथा मुद्दा मी आजवर पाहिला नव्हता. त्याच रात्री नोटीस लिहून काढली आणि सकाळच्या गाडीने ताईकडे गेले.

व्हॅन लिंबाखाली उभी होती. वर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी दगड ठेवले होते, मयत झाकल्यासारखी. मी दाजींपुढे कागद ठेवला.

“सही करा.”

दाजींनी कागद हातात घेतलाच नाही. “आन् मामाला काय सांगायचं?”

“मामाचा काय संबंध?”

“गुलाल कुनी टाकला?”

इथून माझा गोंधळ सुरू झाला आणि तो अजून संपलेला नाही.

मामा म्हणजे आईचा भाऊ. काष्टीच्या बैलबाजारात तो दलाली करतो. जनावर पारखण्यात त्याचं नाव आहे, म्हणून व्हॅन घ्यायलाही त्यालाच नेलं होतं. बैलबाजारात सौदा ठरला की बैलाच्या पाठीवर गुलाल पडतो. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणारा आपलं नवं दावं लावतो. त्यानंतर मागे फिरणं नाही. फिरलं तर ज्याने गुलाल टाकला त्याच्या तोंडाला काळं. आणि मामाने काचेच्या दुकानात, सगळ्यांदेखत, व्हॅनच्या बॉनेटवर आपल्या हाताने गुलाल टाकला होता.

“गुलाल कायद्यात नाही,” मी म्हटलं.

“आन् कायदा बाजारात न्हाई,” ताई म्हणाली. ती भाकरी थापत होती, माझ्याकडे बघितलंही नाही.

“अगं, पण मामाला तरी काय वाटतं, ते विचारलं का?”

मग कळलं की मामाला कोणी सांगितलेलंच नाही. मामाचा फोन आला की ताई म्हणायची, “लई झ्याक पळती, मामा.” तेवढ्यात एकदा माझ्यासमोरच त्याचा फोन आला आणि ती खरंच तसं म्हणाली. ताडपत्रीकडे बघत.

“तू खोटं बोलतेस,” मी म्हटलं.

“मंग काय करू? त्येला सांगू, तुझी नजर गेली म्हनून? उभ्या बाजारात त्येची नजर इकती, बाई. तेवढंच हाय त्येच्याकडं.”

“आणि तुझं काय? तू जाणार कोयता घेऊन?”

ताईने भाकरी तव्यावर टाकली. “तुजं पत्रक वाचून मुकादम थांबनार हाय का?”

मी चिडून तशीच नगरला परतले आणि स्टँडवरून थेट त्या काचेच्या दुकानात गेले. एकटीच. दुकानदार माझ्याच वयाचा निघाला. मी एक जाडजूड, सोन्याच्या साखळीवाला माणूस मनात धरून गेले होते, त्याच्यावर ओरडायची तयारी करून. हा बारीक होता आणि त्याला सर्दी झाली होती.

“या ताई, बसा ना,” म्हणाला. खुर्ची चाकांची होती. बसल्यावर ती आपोआप मागे गेली आणि माझा पहिला आवेश तिथेच सांडला. तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली. तिथे माझं पत्रक होतं. फ्रेम करून.

“हे तुमच्याच संघटनेचं ना? मी मागून घेतलं. गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो.”

“चौथा मुद्दा वाचलात?”

“वाचला ना. दोष लपवला तर.” त्याने नाक पुसलं. “पण ताई, मी लपवला कुठे? मला कोणी विचारलंच नाही. मामांनी गाडी पाहिली, चालवून पाहिली, स्वतः गुलाल टाकला. ही गाडी मी पण पुण्याहून लॉटमधे उचललेली आहे. मलाही कोणी काही सांगितलं नाही. मग मी कोणाचा ग्राहक?”

याला माझ्या पत्रकात पाचवा मुद्दा नव्हता. मी म्हटलं, तुमच्या वरच्याला तुम्ही जाब विचारा, आम्ही तुम्हाला विचारतो. बरोबरच होतं ते. पण म्हणताना मला त्याचा चेहरा खरा वाटला आणि खरा वाटला म्हणून मला स्वतःचा राग आला.

मग त्याने दाजींची सही असलेला कागद दाखवला: ‘गाडी पाहून, पारखून, चालवून घेतली, पुढे तक्रार चालणार नाही.’ मी म्हटलं, असल्या सहीने लपवलेला दोष धुतला जात नाही. तो म्हणाला, पिवळी पाटी म्हणजे धंद्याची गाडी, ग्राहक कायदा लागतच नाही. मी म्हटलं, स्वतः राबून पोट भरायला घेतली तर लागतो. तिथे तो जरा थांबला. “पण गाडी दाजींच्या नावावर. चालवतं कोण?”

“ताई.”

“मग स्वतः कोण राबतंय?”

मला माहीत नव्हतं. म्हणजे राबणारी ताई, हे उघड होतं. पण कायद्याच्या डोळ्याला ते कसं दिसतं, हे मला एकदम आठवेना. चहा आला. मी पाहिलं तर टेबलाचा खण अर्धा उघडा होता आणि आत नारळाशेजारी गुलालाच्या पुड्या रचून ठेवलेल्या होत्या. म्हणजे खेड्यातलं गिऱ्हाईक आलं की गुलाल दुकानातूनच मिळायचा! मी उठून काहीतरी तडकून बोलायला हवं होतं. चहा चांगला होता. मी प्यायले.

संघटनेच्या कार्यालयात सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कुटुंबाचं पोट एकच असतं, ताई चालवते याने काही बिघडत नाही, मिस्त्रीचा लेखी अहवाल घे, नोटीस रजिस्टरने पाठवू, नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, असं म्हणाले. दाजींची सही मी फोनवर भांडून मिळवली. ‘मामाला कळू द्यायचं नाही’ या अटीवर. नोटीस गेली.

“निकाल आपल्या बाजूने लागेल असं मला वाटतं,” सर म्हणाले.

“दिवाळीच्या आत?”

सरांनी चष्मा काढला. “कुठल्या दिवाळीच्या?”

त्या आठवड्यात मला काहीच सुचेना. मी रोज स्टँडवर उभी राहून लोकांना सांगत होते की तुमचे हक्क आहेत, तुम्ही विचारा, तुम्ही भांडा. आणि घरी ज्यांचे हक्क होते ते एका म्हाताऱ्याच्या लाल हातासाठी गप्प बसले होते. हा भित्रेपणा होता की माया, मला कळत नव्हतं. माया असेल तर तिच्याविरुद्ध पत्रक कसं काढायचं?

शेवटी बाजाराच्या दिवशी पिशवीत पत्रकं घेऊन मी काष्टीला गेले. मामाला सांगायचं नाही, असं ताई-दाजींना वचन दिलेलं होतं. फक्त बघून यायचं, असं स्वतःला सांगत होते.

मामा एका खिल्लारी बैलजोडीपाशी उभा होता. बोटांनी भाव करायला टॉवेलाखाली त्याचा हात समोरच्याच्या हातात आणि दोघांची तोंडं आभाळाकडे, जणू खाली काही चाललेलंच नाही. मी जवळ गेले तेव्हा तो त्या बैलवाल्याला विचारत होता, “खोड काय हिची, ते आधी बोल. मारका हाय का, बसका हाय का?” बैलवाला म्हणाला, डावा बैल पाण्याला बुजतो. मामाने मान डोलावली. मग त्याने मला पाहिलं.

“पोरी! तू हिकडं? व्हॅन काय म्हनतीया?”

मी म्हणणार होते, झ्याक पळते. तोंडातून निघालं, “बंद आहे.”

मामाच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. “माजी नजर चुकली,” एवढंच म्हणाला. हात टॉवेलाखालीच होता.

मला त्याची दया यायला हवी होती, पण आला राग. “मामा, इथे तुम्ही आधी खोड विचारता. तिथे का नाही विचारली?”

तो म्हणाला, “तितं गार हवा सुटली हुती. त्या पोरानं मला खुर्ची दिली, चाकाची. मामा मामा करीत हुता. पाव्हण्याच्या घरी जेवाया बसल्यावर, भाजी शिळी हाय का म्हनून इचारतो का कोनी? न्हाई इचारलं.”

त्या खुर्चीत मीही बसले होते.

“मिस्त्री काय म्हनला?”

“हेडला चीर आहे. औषध टाकून बुजवली होती.”

“काय टाकून?”

“औषध. रेडिएटरमधे.”

मामाने टॉवेलाखालून हात काढला. समोरचा बैलवाला “अवो, आकडा तर ऐका” म्हणत राहिला. मामा माझ्याकडे असा बघत होता की मी मागे सरकले.

“औषध घातलंवतं, आन् तुमी सगळी गप बसला? माझ्यापायी?”

“तुमचा गुलाल होता ना.”

“औषधाच्या जनावराला गुलाल लागत न्हाई!” मामा ओरडला. आजूबाजूचे वळून बघायला लागले. “नजर चुकली तर चूक माजी. लंगड्याला औषध पाजून उभा केला तर पाप त्येचं. पुढच्या बाजाराला न्ह्यायाचा, त्येच्या खुट्ट्याला आपल्या दाव्यानं बांधायाचा. कोनी शिकवलं न्हाई का तुला?”

मला खरंच कोणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, बांधून मग काय म्हणायचं?

“काय म्हनायचं न्हाई. बोललं की वाद हुतो. बांधायचं आन् गप बसायचं.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही व्हॅन नगरला नेली. पुढे गावातल्या एकाचा ट्रॅक्टर, त्यावर दाजी. मागे दोरीला व्हॅन आणि व्हॅनच्या स्टेअरिंगवर ताई, चेहरा असा की जणू तीच गाडी ओढते आहे. मामा काष्टीहून परस्पर आला होता. त्याच्या खांद्यावर नवं कोरं दावं होतं, बाजारातून घेतलेलं. त्याने ते व्हॅनच्या बंपरला बांधलं आणि दुसरं टोक दुकानाच्या लोखंडी फाटकाला. गाठ दोनदा ओढून पाहिली. मग फाटकाशेजारी बसला आणि आम्हालाही बसायची खूण केली.

दुकान झेंडूने सजवलेलं. दसऱ्याला गाडी घरी न्यायची म्हणून लोक येत होते. दुकानदार बाहेर आला, दाव्याकडे पाहिलं आणि एकदम थांबला. त्याला ते काय आहे ते कळलं, हे मला दिसलं. खणात गुलाल ठेवणाऱ्याला दावं कळणारच.

“मामा, आत या ना. चहा घेऊ.”

मामा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

“ताई, तुम्ही तरी,” माझ्याकडे वळला. मी तोंड उघडलं. मामाने नुसतं बघितलं. मी मिटलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. सगळे मुद्दे जिभेवर होते, क्रमाने. मी पिशवीतून पत्रकं काढून येणाऱ्यांना द्यायला उठले, तर मामा पुटपुटला, “ती कागदं ठिव.” मग त्या गठ्ठ्यावरच बसले. फरशी तापली होती, निदान तेवढा उपयोग झाला.

गांधी टोपीतले एक म्हातारे मुलाला घेऊन आले होते. दावं पाहून थबकले.

“औषध?” मामाला विचारलं.

मामाने होकारार्थी मान हलवली.

“चल रं, दुसरीकडं बगू,” ते मुलाला म्हणाले. मुलगा म्हणाला, अहो, पण आपण बुकिंग दिलंय. “मंग मागून घे,” म्हातारे म्हणाले आणि रस्ता ओलांडून निघाले सुद्धा. सगळेच तसे गेले नाहीत. शहरातली माणसं दाव्याला वळसा घालून आत जात होती. एकीने तर दाव्याचा फोटो काढला, तिला ती सजावट वाटली असावी.

दुपारी दुकानदार म्हणाला, पोलीस बोलावतो. ताई फटकन म्हणाली, “बोलवा की. त्यान्ला बी गाडी घ्यायची आसंल.” दाजी हसायला लागले. मामाने तिलाही गप्प केलं, पण त्याच्या मिशा हलल्या.

उन्हं कलली तेव्हा दुकानदार पुन्हा बाहेर आला. या वेळी त्याच्या हातात आमची नोटीस होती, पाकीट फोडलेलं. तो फाटकापाशी उभा राहिला. “नवं हेड टाकून देतो. माझ्या खर्चाने. तुमचा पाथर्डीचा मिस्त्री समोर उभा करा. सोडू का दावं?”

मामा दिवसभरात पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. “तुमच्या हातानं सोडा.”

त्याने सोडलं. गाठ सुटेना, नखं लागली. आणि मला राहवलं नाही. “दुरुस्ती नाही!” मी उभी राहिले. “गाडी परत घ्या, पैसे परत द्या, वर झालेल्या त्रासाची भरपाई द्या. तो आमचा हक्क आहे. ताई, तू दुरुस्ती मान्य करायची नाहीस.”

ताई उठून माझ्याजवळ आली. हळू बोलली, म्हणून जास्त लागलं. “मला न्याय नको गं. गाडी पायजे. दिवाळीच्या आत.”

ती चूक होती असं मला वाटतं. आजही वाटतं. आणि त्या क्षणी तिच्याइतकं बरोबर कोणीच नव्हतं.

दुकानदार कशाने वाकला, तेही मला कळलेलं नाही. मला तो म्हणाला, “नोटीस आली ना ताई, तुमच्या शब्दाबाहेर कसा जाऊ?” मामाला म्हणाला, “मामा, तुमच्या हातचा गुलाल होता, त्याचा मान ठेवला.” आणि फोनवर कोणाला तरी सांगत होता, “अरे, दसऱ्याचं गिऱ्हाईक फाटकावरून परत चाललंय, घालव बाबा त्यांना एकदाचं.” तिन्ही मी माझ्या कानांनी ऐकलं. तो दोष लपवणारा होता की त्यालाही फसवलं गेलं होतं, तेही तसंच राहिलं. सरांना सांगितलं तर ते आधी म्हणाले, फाटक अडवणं बेकायदा आहे, त्याने तक्रार केली असती तर आपणच अडकलो असतो. मग म्हणाले, छान झालं. मग वहीत ‘तडजोड’ असं लिहिलं. मी म्हटलं, पत्रकात एक मुद्दा वाढवू, ‘वाहन घेताना दोष कोणता, असं तोंडी आणि साक्षीदारासमोर विचारा’. सर म्हणाले, चांगलं आहे, कशावरून घेतलंस? मी म्हटलं, बाजारावरून. त्यांना शेअर बाजार वाटला नसावा, पण बैलबाजारही वाटला नसणार. मी खुलासा केला नाही.

दिवाळी चार-आठ दिवसांवर आली असताना व्हॅन तयार झाली. मिस्त्रीने सगळं समोर उभं राहून करून घेतलं होतं. ताई ती उतारावरून गावाला घेऊन गेली. पण उताराने आता कोणाचंच समाधान होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तिच्यात बसलो, मामासकट. बायका घेतल्या नाहीत. मुकादमाचा आदल्या रात्रीही फोन येऊन गेला होता आणि ताईने त्याला उद्या सांगते म्हटलं होतं.

घाट सुरू झाला तसं बोलणं बंद झालं. दाजी पुढे बसले होते आणि त्यांचं सगळं लक्ष तापमानाच्या काट्यावर. मी मागून मान काढून तोच काटा बघत होते. काटा मधे आला. पहिल्या वेळी बायका उतरल्या होत्या ते वळण गेलं. समोर उसाच्या टोळीचा एक रिकामा ट्रक रेंगाळत चढत होता आणि ताईला त्याच्यामागे गिअर उतरवावा लागला. इंजिन गुरगुरलं. काटा मधल्या रेघेच्या जरासा वर सरकला आणि तिथे थांबला. दाजी पुटपुटले, “थांब, थांब.” ते गाडीला म्हणत होते की काट्याला, कोण जाणे. ताईने ट्रक ओलांडला.

माथ्यावर पोचल्यावर तिने गाडी कडेला घेतली, बंद केली नाही. खाली उतरून पुढे गेली आणि बॉनेटवर तळहात ठेवला. बराच वेळ. मी काचेतून तिचा चेहरा बघत होते आणि मला त्यावरून काहीच कळत नव्हतं. मग तिने पदराला हात पुसला आणि दाजींना खूण केली, फोन द्या. फोन लागल्यावर ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. गाड्यांच्या आवाजात मला एकच वाक्य ऐकू आलं.

“औंदा न्हाई येत. व्हय. दोघंबी न्हाई.”

मामाने खिशातून गुलालाची पुडी काढली. बाजारातली होती, दुकानातली नव्हे. ती हातात फिरवली, बॉनेटकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली.

“का हो मामा?” मी विचारलं.

“आजून पुढचा बाजार व्हायचाय,” तो म्हणाला. “तवर बगू.”

ताई गाडीत येऊन बसली. नगर अजून पुढे होतं. तिने मागे वळून विचारलं, कोणाला दवाखान्यात जायचंय का, का नुसतंच फिरायचं?